घड्याळाची बाजू

हाडांच्या बाईंचा कॉलेजात असा दरारा, की त्यांच्या तासाला खोकलासुद्धा परवानगी मागून यायचा. शरीररचना हा भल्याभल्यांना घाम फोडणारा विषय त्यांनी जन्मभर शिकवला, फळ्यावर दोन्ही हातांनी चित्रं काढत. शिवाय अभ्यासात अडचण येणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्षही होत्या. हे लोढणं त्यांच्या गळ्यात पडलं, कारण निवडीच्या बैठकीला त्या गैरहजर होत्या.

पण अंगावर पडलेलं काम बाई दणक्यात करत. "एकाच मापाचा सदरा सगळ्यांना बसत नाही," असं त्या इतर शिक्षकांना दर सभेत ऐकवत. फक्त त्यांच्या स्वतःच्या विषयात सगळ्यांनी एकाच सदऱ्यात मावायचं होतं.

एक मुलगी त्यांच्याकडे आली. हुशार होती, पण तिचं डावं-उजवं लहानपणापासून गोंधळायचं. तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालेली. आता झाली तर कॉलेज सुटणार होतं. मागणं एवढंच, की परीक्षेत उजव्या मनगटाला लाल दोरा बांधू द्यावा.

"उद्या ऑपरेशनला उभी राहिलीस आणि दोरा तुटला तर?" बाई म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं! पाठ कर, येईल."

मुलगी मान खाली घालून गेली. बाईंना वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

बाई स्वतः घड्याळ उजव्या हातात घालत. मुलींना ती ऐट वाटे. खरं कारण एकट्या नवऱ्याला ठाऊक होतं. बाई गाडी चालवत असल्या की तो "उजवीकडे वळ" असं कधी म्हणत नसे; "घड्याळाच्या बाजूला घे," म्हणे. लग्नानंतर एकदा भलत्याच गावी पोचल्यावर दोघांत ही भाषा ठरली होती.

परीक्षेच्या सकाळी नेमका त्या घड्याळाचा पट्टा तुटला. बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि निघाल्या. वेळ काय, भिंतीवरही दिसते.

मुलगी समोर बसली. बाहेरगावचे परीक्षक बाईंच्या शेजारी होते. बाईंनी मांडीचं हाड पुढे केलं. "कुठल्या बाजूचं?"

मुलीने ते स्वतःच्या मांडीला लावून पाहिलं, बराच वेळ घेतला. "उजव्या."

"चूक!" बाईंनी हाड ओढून घेतलं आणि उभं राहून आपल्या मांडीवर ठेवलं. ते चपखल बसलं. "बघ. डावी मांडी."

परीक्षक छताकडे बघू लागले. पाहुणे बिचारे, बोलणार काय?

मुलीचा चेहरा पडला. "हो, बाई. डाव्या. माझंच चुकलं."

बाईंनी हाडाकडे पुन्हा पाहिलं. ते धरलेल्या हाताच्या मनगटावर पट्ट्याचा फिका वण होता. हाड घड्याळाच्या बाजूला होतं.

बाई खाली बसल्या. इतक्या वर्षांत आपण कितीजणांना म्हटलं असेल, पाठ कर म्हणून?

"तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "दोरा आणलायस?"

मुलगी घाबरली. "पर्समध्ये आहे. बांधला नाहीये, बाई, शपथ!"

"बांध. आणि उरला तर मलाही बांध."

मुलीने दोरा काढला आणि हळूच विचारलं, "कुठल्या हाताला, बाई?"

"ते तूच सांग," म्हणत बाईंनी दोन्ही हात पुढे केले.