यासीनभाईंना उचलण्यापुरती ताकद

शाहीनचा फोन आला तेव्हा मी पुणतांब्याच्या शाळेत चौथीला शुद्धलेखन घालत होते. शाहीन म्हणजे नसीमआपाची सून. शाळेच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून व्हरांड्यात येऊन उचलला. “मावशी, अम्मी जेवून आडव्या झाल्या होत्या. चहाला उठवायला गेले तर...” मी वर्ग दुसऱ्या बाईंच्या हवाली केला आणि राहात्याची एसटी धरली. खिडकीशी बसून रडत होते, आणि रडता रडताच लक्षात आलं की आत कुठेतरी मोकळंही वाटतंय. हे लिहिताना संकोच वाटतो. इतक्या वर्षांची शेजारीण गेली आणि हिला मोकळं वाटतं? पण आपाला स्वतःला ते लगेच कळलं असतं. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत तिचं वरच्याकडे एकच मागणं होतं, यासीनभाईंच्या आधी आपण जायचं नाही. यासीनभाई म्हणजे तिचे मिस्टर. ते गेल्या हिवाळ्यात गेले, तिच्या हातावर गेले. आता तीही गेली, भरल्या पोटी, दुपारच्या झोपेत. तिला जसं हवं होतं तसंच सगळं झालं.

आपा ब्लाऊज शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि खोलीत कायम दोन-चार बाया. लग्नसराईत तर बायका पायरीवर बसून वाट बघायच्या. हात सफाईदार आणि जीभ त्याहून. “मागल्या वर्षाचं माप आनलंस व्हय? आनि ही मधली दिवाळी कुनी खाल्ली?” असं ती तोंडावर विचारायची आणि समोरची बाई हसून टेप पुढे करायची. यासीनभाई टेम्पो चालवायचे. आमच्याकडचे पेरू भरून बाजारांना नेणं हा त्यांचा धंदा. माणूस उंच, हाडापेराने मजबूत, आणि गल्लीच्या तोंडाशी आले की हॉर्न वाजवायचे. त्या हॉर्नवर आपा चहाचं आधण ठेवायची. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही जड झालं. टेम्पो विकला गेला. मुलगा इरफान तेव्हा सोनईला मोबाईलच्या दुकानात कामाला होता, शाहीनला घेऊन तिकडेच राहायचा. म्हणजे घरात दोघंच, एक मशीनवर आणि एक खाटेवर.

एका सकाळी शाळेला निघताना मला भिंतीपलीकडून धप्प आवाज आला. मी धावत गेले. यासीनभाईंना खाटेवरून खुर्चीत घेताना आपाचा तोल गेला होता आणि दोघंही फरशीवर. तिने त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं, म्हणून त्यांना लागलं नव्हतं. तिच्या कोपरातून रक्त येत होतं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. “मंदा, मला ह्यांना उचलता येत न्हाई,” ती म्हणाली. एवढंच. रागाने नाही, रडून नाही... आपल्याला एखादा अवघड गळा शिवता येत नाही हे कबूल करावं तशी. आम्ही दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात नसीमआपा जिमला गेली. पन्नाशी ओलांडलेली, बुरखा घातलेली बाई जिना चढून जिममध्ये आली तेव्हा तिथला ट्रेनर प्रतीक तिला म्हणाला, “काकू, मुलाची चौकशी करायला आलात का?” आपा म्हणाली, “न्हाई. मला पैलवान न्हाई व्हायचं. आमच्या घरवाल्यांना उचलन्यापुरती ताकद पायजे. किती दिवसात येईल?” प्रतीक पंचविशीचा, अंगाने पिळदार आणि मनाने सरळ. त्याने हसण्यावारी नेलं नाही. दुपारी बायकांची बॅच असायची, तिच्यात तिला घेतलं. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली जायचं, ओझं छातीशी घ्यायचं आणि पायांनी उठायचं, हे त्याने तिला आधी रिकाम्या हाताने शिकवलं, मग थोड्या थोड्या वजनाने. सोबत म्हणून शनिवारी अर्धी शाळा असली की मीही जायचे. मी बाकावर बसून बघायचे, ती घाम पुसत करायची.

पण तिला ते झेपत नव्हतं. पहाटेपासून यासीनभाईंचं सगळं, मग स्वयंपाक, मग मशीन. दुपारी जेवायला वेळ नाही म्हणून चहा-खारी. तशीच जिमला. चार उठाबशा झाल्या की डोळ्यांपुढे अंधारी यायची. “पाय जड झाल्यात, जीवच न्हाई अंगात,” ती म्हणायची. प्रतीक स्वतः व्यायामाआधी एका डब्यातली लाल पावडर पाण्यात मिसळून प्यायचा. प्री-वर्कआउट म्हणतात तिला. जिममधली निम्मी मुलं ती घेत. एकदा आपाने त्याला विचारलं, “ह्ये पिऊन काय हुतं?” “एनर्जी येते काकू. थोडीच घेऊन बघा.” तिने घेतली, आणि खरोखरच आली! त्या दिवशी आपाने न थांबता सगळा व्यायाम केला. हातांना, कानांना मुंग्या येत होत्या, त्याचंही तिला हसू येत होतं. “मंदा, अंगात जनू कुनी मोटार बसवली,” असं म्हणत ती घरी आली आणि संध्याकाळी तीन ब्लाऊज बेतले. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःचा डबा आणला. मशीनच्या वरच्या फळीवर, धाग्यांच्या रिळांशेजारी तो झळकू लागला.

मग झोप उडाली. दुपारी घेतलेलं ते पाणी तिला रात्रभर जागं ठेवी. सकाळी अंग मोडून येई, म्हणून दुपारी चमचा आणखी भरून. मी म्हटलं, “आपा, एकदा डॉक्टरांना तरी विचार.” ती म्हणाली, “डॉक्टर बंद कर म्हनतील. मग मी ह्यांना उचलू कशी?” तिला पावडरीचा नाद नव्हता. तिला भीती होती. पुन्हा फरशीवर पडण्याची, आणि त्याहून मोठी... आपण आधी गेलो तर ह्यांना कोण उचलेल याची.

एका शनिवारी, मी समोर बसलेली असताना, वजन खाली ठेवून ती उभी राहिली आणि छातीवर हात धरला. “मंदा, हितं कबुतर फडफडतंय.” ओठ पांढरे पडले होते. प्रतीकने तिला खाली बसवलं, मी मनगट धरलं तर ठोके मोजताच येईनात, इतके वेगात आणि वाकडेतिकडे. त्याच्या मित्राच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाटेत ती एकच बोलत होती, “ह्यांना चार वाजता लघवीला न्यावं लागतं. कुनीतरी जावा घरी.” प्रतीक दवाखान्याच्या दारातून मागच्या मागे फिरला आणि तिच्या घरी गेला. यासीनभाईंना त्या दिवशी त्यानेच उचललं.

ठोके संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आले. पुढच्या आठवड्यात आम्ही तिला नगरला हृदयाच्या डॉक्टरांकडे दाखवलं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की रक्त फार कमी आहे, बीपी कधीपासून वाढलेलं आहे, आणि ठोक्यांची लय मधूनच चुकते. यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. मी डबा पिशवीतून नेला होता. डॉक्टरांनी तो फिरवून वाचला. “यात मुख्य म्हणजे कॅफीन आहे,” ते म्हणाले. “एका चमच्यात दोन-तीन कप कडक कॉफीचं. तुम्ही तो चमचा शीग लावून घेत होतात, वरून दिवसभर चहा. तरण्या, धडधाकट पोराने कधीमधी बेताने घेतली तर बहुधा काही होत नाही, जरा हुशारी येते. पण तुम्ही थकत होतात त्याला कारण होतं. रक्त नाही, झोप नाही, पोटात अन्न नाही. ते बघायचं सोडून तुम्ही शरीराला नुसतं पळवलंत.” आपाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे जिम बंद?” डॉक्टर हसले. “जिम नाही. डबा बंद. गोळ्या सुरू करा, जेवा, झोपा. ठोके नीट झाले की हलक्या वजनाने पुन्हा लागा.” दवाखान्याच्या पायरीवर तिने माझा हात घट्ट धरला. “मंदा, जिम चालू ऱ्हानार,” ती म्हणाली आणि तेव्हा कुठे रडली.

दुसऱ्या दिवशी प्रतीक तिच्या घरी आला. चेहरा उतरलेला. “काकू, मी दिली नसती तर...” ती म्हणाली, “तू काय तोंडात वतलीस व्हय रं? मी विचारलं, मी प्याले. आनि फडफडलं म्हनून तर डॉक्टर गाठला. बस, अंडी उकडल्यात, खाऊन जा.” तेव्हापासून दुपारी मशीन बंद करून ती ताटावर बसून जेवायची, भाकरी, डाळ, अंडं. यासीनभाईंच्या खाटेशेजारी चटई टाकून जराशी डुलकी. जिमला निघताना केळं आणि मूठभर शेंगदाणे. इरफानला तिने सोनईहून बोलावून घेतलं नाही, पण आईची हालत कळल्यावर त्याने आपणहून राहात्याच्या बाजारात छोटं दुकान टाकलं आणि सकाळचं वडिलांचं काम स्वतःकडे घेतलं. महिने गेले. लोहाच्या गोळ्यांनी गालांवर रंग आला. पावडरीसारखी एका दिवसात मोटार बसली नाही. हळूहळू, ओळखूही येणार नाही अशी ताकद आली, पण आली ती राहिली.

मला दिसते ती पेरूच्या हंगामातली सकाळ. यासीनभाईंच्या जुन्या जोडीदाराचा टेम्पो दारात उभा होता. आपाने ठरवलं होतं की ह्यांना गोदावरीवर न्यायचं. इरफान पुढे झाला तर म्हणाली, “तू नुसता मागं थांब.” यासीनभाईंचा डावा हात तिने आपल्या गळ्यात घेतला, दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे नेऊन छातीशी धरलं, गुडघ्यातून खाली गेली, “बिस्मिल्ला” म्हणाली आणि उठली. खुर्चीतून उभे, उभ्यातून टेम्पोच्या पायरीला टेकलेले. तिथून इरफानने पाय वर घेतले आणि ते सीटवर बसले. बसले! एवढ्या काळाने टेम्पोत. गल्लीतल्या बायका बघत होत्या. गाडी वळणावर आली तशी जोडीदाराने त्यांचा डावा हात ओढून स्टेअरिंगवर नेला. “भाई, दाबा.” हॉर्न वाजला, लांबलचक. मागे हौद्यात माझ्याशेजारी बसलेल्या आपाने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “आता घरी चहा कोन ठेवनार?” पुणतांब्याच्या घाटावर तिने त्यांना पुन्हा उतरवलं, पाण्याजवळ बसवलं. ते फार बोलू शकायचे नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, “नसीम... पैलवान.”

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ते गेले, तिच्या खांद्यावर मान टाकून. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात राहायचे चार महिने दहा दिवस, पुरी झाल्यावर ती पुन्हा जिमला जाऊ लागली. मी म्हटलं, “आता कशासाठी?” म्हणाली, “सवय झाली. आनि त्या पोरींना बघायला कुनी पायजे.” बायकांच्या बॅचमध्ये तोवर बऱ्याच जणी आल्या होत्या. सासूला उचलणाऱ्या, सहा महिन्यांचं जुळं उचलणाऱ्या. आपा दाराशीच त्यांना विचारायची, “खाल्लंस का काही?” नाही म्हटलं की केळं हातावर.

ती गेल्यावर मात्र एक शंका मला खाऊ लागली. तिच्या हृदयाला तेव्हाच काही झालं असेल का? इरफानच्याही मनात ते होतं. प्रतीकशी तो धड बोलत नव्हता. शेवटी मी आणि इरफान नगरला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुने कागद, अलीकडचे कागद, सगळे नीट पाहिले. “खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही,” ते म्हणाले, “पण मला तसं वाटत नाही. ती पावडर बंद करून वर्षं झाली. लय चुकण्याचा आजार त्यांना आधीपासून होता. त्या दिवशी तो सापडला, म्हणून एवढी वर्षं औषधं मिळाली. नाहीतर कदाचित त्या मिस्टरांच्या आधी गेल्या असत्या.” इरफान खुर्चीत मागे टेकला. मग मला म्हणाला, “मावशी, परत जाताना जिमवरून जाऊ.” तिथे त्याने प्रतीकला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. प्रतीक वजनं रचत होता, हातातलं खाली ठेवून तो बाकावर बसला. तीन आठवडे तोही हेच उराशी घेऊन हिंडत होता. मी त्याला विचारलं, “तू अजून घेतोस ती?” खरं बोलला. “स्पर्धेच्या आधी, कधीतरी. पण बाई, आता कुणी मागितली तर आधी विचारतो, झोपलास का, जेवलास का, बीपी बघितलंय का. निम्म्या जणांना तेवढ्यानेच तिची गरज उरत नाही.”

परवा शुक्रवारी आपाकडे गेले. पुढच्या खोलीत आता शाहीन मशीनवर बसते. आतली खोली रिकामी आहे, खाट देऊन टाकली. फक्त भिंतीत बसवलेला लोखंडी दांडा तेवढा आहे. आपाने तो यासीनभाईंना धरून उठता यावं म्हणून लावून घेतला होता आणि ते गेल्यावर स्वतः रोज त्याला धरून उठाबशा काढायची. तिचा हात जिथे पडायचा तिथला रंग गेला आहे, लोखंड गुळगुळीत झालं आहे. इरफानने विचारलं होतं, काढून टाकू का? शाहीन नको म्हणाली. “मावशी, धरून बघा,” ती मला म्हणाली, आणि मग थांबून, “पण आधी सांगा... काही खाल्लंय ना?” मी हो म्हटलं. चपला काढल्या, दांडा धरला, पाय फाकवून उभी राहिले, आणि आपा सांगायची तसं, कमरेतून न वाकता, सावकाश खाली गेले.