शेषगिरीच्या चित्राची दुरुस्ती

फाटकं म्हणून काही दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा उपेंद्ररावांचा बाणा. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात चित्रांना चौकटी बसवण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली. फाटका देव घरात ठेवू नये म्हणून लोक तसबिरी घेऊन यायचे, आणि हे त्या अशा सांधायचे की देवालाही कळू नये आपण कुठे फाटलो होतो. हात सोन्याचे, यात वाद नाही. पण त्याच हातांनी घात केला, त्याला काय म्हणावं!

शेषगिरी त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांची घरं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची, मराठी बोलता बोलता कन्नडात घसरणारी. शेषगिरीचे वडील सोन्याचा वर्ख लावून देवांची चित्रं काढायचे. पोरानं मात्र सत्तरच्या दशकात बंडखोर चित्रकारांच्या टोळक्यात उडी घेतली. देव पुरे झाले, सोनं पुरे झालं, म्हणत बेंगळुरू, बडोदा, दिल्ली करत हिंडला. त्याचं एकही प्रदर्शन उपेंद्ररावांनी पाहिलं नाही. "दुकान टाकून कसा येऊ रे?" हे दर वेळचं ठरलेलं. शेषगिरीनं कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी शेषगिरीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, मान लुळी पडून वळेनाशी झाली, वाचा बसली. त्याच सुमारास म्हैसूरच्याच विजयनगर भागात राहणारी, मूळची पुण्याची मृण्मयी त्या जुन्या बंडखोरांचं प्रदर्शन भरवायला निघाली. ती कलेचा इतिहास शिकवते. शेषगिरीची बाकी चित्रं वाळवीनं खाल्ली होती, घरात उरलं होतं एकच. ते जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याची बायको वनजा दुकानात आली.

"भाऊजी, चौकट तेवढी नवी घाला. ह्यांचं एवढं एकच राहिलंय, अष्टे, बस्स इतकंच."

ती गेल्यावर उपेंद्ररावांनी लुगडं सोडलं. कॅनव्हासभर सोन्याचा वर्ख, आणि मधोमध तीन लांब चिरा. अय्यो! कुठेतरी अडगळीत कोंबलं असणार. मित्राचं उरलेलं एकच चित्र असं फाटकं चारचौघांत जाणार? छे! अहो, एका शब्दानं विचारावं की नाही? नाही विचारलं. म्हटलं, नीट करून एकदम समोर ठेवू. आयुष्यभर त्याच्या चित्रांकडे पाठ फिरवली, त्याची एवढी तरी भरपाई.

आठ दिवस जिवाचं रान केलं. मागून मलमल चिकटवली, पुढून खडूच्या भुकटीचा लेप भरला. वर्खाशी वर्ख जुळवला आणि जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यानं मंद केला. शेवटी चिरा कुठे होत्या ते डोळ्यांनाच काय, बोटांनाही लागेना.

चित्र घेऊन ते शेषगिरीच्या घरी गेले, तेव्हा मृण्मयी येऊन बसली होती. पलंगासमोर चित्र टेकवलं. शेषगिरीनं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, गळ्यातून नुसती घरघर निघाली.

"आवडलं त्याला!" उपेंद्ररावांनी चित्र पलंगाच्या आणखी जवळ सरकवलं.

मृण्मयी पांढरीफटक पडली होती. "काका, चिरा कुठे गेल्या?"

"भरल्या ना! दिसतात का बघ."

तिनं फोनवर जुना फोटो काढून दाखवला. पंचविशीतला शेषगिरी, हातात सुरी, मागे हेच चित्र, चिरलेलं. "तो वर्ख त्यांच्या वडिलांनी लावला होता, काका. आणि ह्यांनी सगळ्यांदेखत तो चिरला. ते चिरणं म्हणजेच चित्र होतं."

उपेंद्ररावांनी चित्र उलटं करून मागची मलमल चाचपली. म्हणाले, "मग पुन्हा फाडतो. मलमल सोलली तर वर्ख उखडेल, पण वरून चिरता येईल. मापं माझ्याकडे आहेत."

"तुम्ही चिरलंत तर ते तुमचं होईल. त्यांचं नाही." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली.

मग त्यांनी पिशवीतली सुरी काढली, शेषगिरीच्या उजव्या हातात दिली, एकेक बोट मिटवलं. "तू ओढ रे. मी नुसता आधार देतो." सुरी चादरीवर पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा शेषगिरीनं डावा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला. पुरे.

प्रदर्शनात चित्राऐवजी तो फोटोच लागला. चित्र वनजानं पलंगासमोरच्या भिंतीवर टांगलं. उपेंद्ररावांनी हात जोडून सांगितलं, काढा ते. ती म्हणाली, "इरली भाऊजी, राहू दे. ह्यांचं चित्र मला पहिल्यांदाच आवडलंय. आणि बघा ना, ह्यांच्याही डोळ्यांत कसं पाणी येतं." जिनं इतकी वर्षं त्याचं सगळं केलं, तिला ते पाणी कशाचं हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

आता ते रोज संध्याकाळी जातात. खुर्ची पलंग आणि भिंत यांच्या मधोमध ओढतात आणि ताठ बसतात, म्हणजे मित्राला चित्र दिसत नाही. बाजारभाव, पाऊसपाणी, काहीबाही बोलत राहतात. आठ वाजले की वनजा जेवणाचं ताट घेऊन येते, आणि उपेंद्ररावांना उठावं लागतं.