वरण कोणी सांडलं

ताट मागं ओढलं गेलं आणि वरण चटईवर सांडलं.

शाळेत पालकांचं जेवण होतं. ताट एका म्हातारीचं. बँकेतल्या साहेबांची आई. पळी माझ्या पोरीच्या हातात. सुजाता, वय साडेचार. पळी नीट आली होती, वाटीच्या बरोबर वर. मी समोरच्याच रांगेत बसलो होतो, सगळं दिसत होतं. शेजारच्या बाईनं म्हातारीच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारीनं पोरीकडं पाहिलं, मग रांगेतून मला शोधून काढलं. आणि ताट ओढलं.

मोठ्या ताई लगबगीनं आल्या. शाळा त्यांचीच. आवाज असा गोड, की रागावल्या तरी खाऊ देताहेत असं वाटावं.

"सांडलं का बेटा? असू दे. ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं, हो ना?"

पळी काढून घेतली. हातात फडकं दिलं. पळी दुसऱ्या मुलाकडं गेली.

माझी पोरगी गुडघ्यावर बसली आणि म्हातारीच्या पायाजवळची चटई पुसू लागली. कडेकडेनं, आत आत येत, शिकवलं होतं तशी. एक पालक कौतुकानं बोललेसुद्धा, "वा! याला म्हणतात मॉन्टेसरी."

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायचा की काढायचा, कळेना.

बल्लारपुरात तेव्हा मॉन्टेसरी ही नवलाईच होती. स्टेशनच्या मागं भाड्याच्या घरात दोन खोल्या. बुटक्या खुर्च्या, मण्यांच्या माळा, बोटानं गिरवायची खरखरीत अक्षरं. मी आरा मशीनवर कामाला. पोरांनी एकावर एक रचायच्या मनोऱ्याचे सागवानी ठोकळे मीच कापून दिले, त्या ओळखीवर पोरीला जागा मिळाली. वस्तीत मी आठवडाभर छाती काढून चाललो. कोणी विचारलं की सांगायचो, "पोरगी मॉन्टेसरीत हाय." कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. मॉन्टेसरी म्हणजे काय, ते मला धड माहीत नव्हतं. कोण्या गावाचं नाव असावं, असा माझा अंदाज होता.

तिथं सगळं पोरांनीच करायचं. चटया पोरांनी घालायच्या, जग-पेले पोरांनी धुवायचे, आणि शनिवारी जेवण पोरांनीच एकमेकांना वाढायचं. पाळीपाळीनं. घरी येऊन सुजाता सगळं सांगायची. आज भाजी कोणी वाढली, भात कोणी वाढला.

"आन् तू?"

"मी फडकं."

दर शनिवारी फडकं. आम्ही काय समजलो? आम्ही समजलो, पोरीचा हात हलते, सांडते, म्हणून तिला पाळी मिळत नाही. एवढे शहाणे आम्ही. मी तर विहारात अर्धा अर्धा तास भाषण ठोकणारा माणूस. पण शाळा म्हटली की माझी अक्कल दाराबाहेर, चपलेसोबत.

मग बायकोनं घरी शाळा काढली. रोज संध्याकाळी गंज भरून पातळ वरण, पोरीच्या हातात पळी, आणि पंगतीत आम्ही तिघं. मी, बायको, माझा बाप. पोरगी वाढायची, सांडायचं, पुन्हा वाढायची. घरातली डाळ संपत आली. सवय व्हावी म्हणून बायको वरण आणखी पातळ करायची, तेच आम्ही भातावर घ्यायचो. बापाचं धोतर पिवळं झालं.

बाप म्हणाला, "पोरगी पंगत वाढायले चालली का फौजेत? घरी तं जेवू द्या ना बाप्पा मले सुखानं."

"आबा, हलू नोको," सुजाता त्यालाच दटावायची. "हललं का सांडते."

पोरगी तयार झाली. एक थेंब सांडेना. पालकांच्या जेवणाला तिचं नाव कोणी घेतलंच नव्हतं. तिनं आपणहून पातेल्यातली पळी उचलली. एवढी हिंमत तिच्यात आम्हीच घातली होती, तिच्या हातचं वरण खाऊन खाऊन.

त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. कोपऱ्यात बसून रिकामी पळी रिकाम्या वाटीत उपडी करत राहिली.

"बाबा, माह्यानं सांडलं."

बायकोला मी आल्या आल्या सगळं सांगितलं होतं. आता मी तोंड उघडलं. बायकोनं डोळ्यानंच गप्प केलं. पोरगी झोपल्यावर मला म्हणाली, "अजी, सांगू नोका तिले. सांडलं असंच समजू द्या. सांडलं तं माणूस शिकते. दुसरं कळलं तं काय शिकल लेकरू?"

तिचं चुकत होतं असं आजही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सोमवारी मी शाळेत गेलो. लाकडाचा भुसा डोक्यात, तसाच. मोठ्या ताईंनी खुर्ची दिली, ती मुलांची. मी गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. अशा बसण्यात माणसाला राग मांडणं फार कठीण जातं.

"ताई, तिनं सांडलं नाई. ताट वढलं."

"भाऊ, मी पाहिलं ना. आम्ही काही मानत नाही. पण म्हाताऱ्या माणसांचं काय करणार? आणि सुजाताला कुठे काय कळतंय? उलट तिला मी कायमचं छान काम देते. झाडांना पाणी घालायचं."

"झाडाले चालते?"

ताई टेबलावरच्या मण्यांच्या माळा सारख्या करू लागल्या.

"शनिवारी सुजाता वाढल," मी म्हटलं. "साऱ्यायसारखी. पाळी आली का पळी तिच्या हातात पायजे. मी दारात उभा राहीन."

"विचार करते," ताई म्हणाल्या.

त्यांनी विचार केला. शनिवारी मी दारात उभा राहिलो, तर जेवण शाळेतली आया वाढत होती. पोरं हात मांडीवर ठेवून बसली होती. वाढणं बंद. सगळ्यांचंच. भेद नको म्हणून.

मला वाटलं होतं ताई नाही म्हणतील, मग मी भांडेन. भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही त्यांनी. बाहेर पालकांमध्ये एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "चांगली चाललेली गोष्ट बंद पाडली यांनी." वस्तीतला माझा दोस्तही संध्याकाळी म्हणाला, "कायले नाद केला बे? पोरगी बसली होती ना आत? बसू द्यायची होती." त्याचा पोरगाही पुढच्या वर्षी तिथं जायचा होता.

आणि सुजाता. तिला मी सायकलच्या दांडीवरल्या छोट्या सीटवर बसवून घरी आणत होतो. तिचं तोंड पुढं, माझं तिच्या केसांवर.

"बाबा, पोट्टे म्हंतेत माह्यामुळं बंद झालं. मी सांडलं म्हून."

"कोण म्हंते?"

"सारे. ताई बी हो म्हने."

मी ब्रेक दाबला. एका बंद दुकानापुढं सायकल लावली, तिला ओट्यावर बसवलं आणि तिच्यापुढं उकिडवा बसलो. बायकोचं सगळं बोलणं डोक्यात होतं. पण आता ही पोरगी साऱ्या शाळेचं सांडलेलं आपल्या नावावर घेऊन मोठी होणार होती.

"तू सांडलं नाई. तू बरोबर वाढत होती. त्या आजीनं ताट वढलं."

"काऊन?"

"तिले आपल्या हातचं चालत नाई."

"माहे हात धुतले होते."

"मले माहीत हाय."

"मंग काऊन?"

"जात पाहून."

"जात म्हंजे?"

विहारात टाळ्या घेणारा वक्ता. एका साडेचार वर्षांच्या पोरीपुढं मला एक वाक्य सुचेना. रस्त्यावरून माणसं जात होती, आमच्याकडं बघत होती. मी म्हटलं, "आपण जिथी राह्यतो, ज्यायच्या घरचे हावो, त्यावरून ते लोक आपल्याले खालचे म्हंतेत. खोटं हाय ते. पण म्हंतेत."

तिनं हे किती घेतलं, कळलं नाही. ती चपलेशी खेळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे वरण आजीनं सांडलं."

"हो."

"मंग तिनं काऊन नाई पुसलं?"

मी मनातच म्हटलं, कोणी पुसलं नाही, पोरी. तुझ्या आज्याच्या वेळीही नाही, माझ्या वेळीही नाही.

"आता आयक," मी म्हटलं. "ते सांडतीन तं तू पुसायचं नाई. फडकं हातात देलं तं खाली ठेवायचं."

"ताई रागवल."

"रागवू दे."

"कोणी माह्यासंगं खेळन नाई."

"नाई खेळन," मी म्हटलं. खोटं सांगायचं नाही, हे तेवढ्यात ठरून गेलं होतं.

ती रडली. मी तिला गप्प केलं नाही. शाळेतून तिला काढलंही नाही. काढलं असतं तर त्यांची पंगत त्याच शनिवारी पुन्हा सुरू झाली असती. सोमवारी मी तिला त्याच दारात सोडणार होतो. आत तिच्याशी कोणी बोलणार नव्हतं. पळी तिला मिळणार नव्हती, आणि ती फडकं उचलणार नव्हती.