डाळ शिजवणारी विहीर

चंपतराव एस.टी.त कंडक्टर होते, नागपूर–रामटेक गाडीवर. गाडीत चढणाऱ्याचं नाव, गाव आणि त्याच्या पोरीचं लग्न कुठं अडलंय, हे कन्हानचा पूल यायच्या आत त्यांना ठाऊक होई. अशा माणसाला कोण फसवणार? निदान त्यांना स्वतःला तरी तसंच वाटायचं.

चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे नवीन लेआउट पडलं, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडले. आम्ही शेजारचे प्लॉटवाले, म्हणून सगळं जवळून पाहिलं. चंपतरावांनी सात-बारा पाहिला, वकिलाला दाखवला, दार पूर्वेला येतं की नाही तेही पाहिलं. शेवटची परीक्षा मात्र त्यांच्या बायकोची, पार्वतीबाईंची. प्लॉटवर एक जुनी विहीर होती. आमच्या लोकांत जागा घेण्याआधी तिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून बघायची. डाळ मऊ झाली की पाणी चांगलं, आणि पाणी चांगलं की जागा चांगली. पार्वतीबाईंनी तिथंच तीन दगडांची चूल मांडली. डाळ अशी विरघळली, की घोटावीसुद्धा लागली नाही.

"घेऊन टाका जी," त्या म्हणाल्या. "माह्या माहेरी बी असं पानी नाही."

होती नव्हती ती पुंजी घालून घर उभं राहिलं.

पहिल्या वर्षी अंगणातलं लिंबू वाळलं. दुसरं लावलं, तेही गेलं. मग पार्वतीबाईंच्या हातांची सालपटं निघू लागली. त्यांची पोर शामला सतत पोट धरून बसायची. डॉक्टर बदलले, देव बदलले, पाणी मात्र तेच राहिलं.

पुढं संडासाचा खड्डा खणायला घेतला, तर खाली जांभळी माती लागली. वास असा, की खणणारा नाकाला फडकं बांधून वर आला. दूध घालायला आलेली म्हातारी जिजाबाई खड्ड्यात डोकावून म्हणाली, "इथं सूत रंगवाचा कारखाना होता ना. सूत धुतल्याचं सोड्याचं पानी, रंगाची घाण, सारं इथंच सोडत होते. मंग बुजवलं."

"मंग सांगतलं काहून नाही वं?" चंपतरावांनी विचारलं.

"तुमी इचारलं कुठं?"

गाडीभर लोकांच्या घरच्या भानगडी विचारणाऱ्या माणसाने, इथं आधी काय होतं एवढं मात्र कोणालाच विचारलं नव्हतं. सरकारी तपासणीत पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. लवकर शिजावी म्हणून आपण डाळीत चिमूटभर सोडा घालतो, तो इथं जमिनीनेच घातला होता. चंपतराव प्लॉट विकणाऱ्या लेआउटवाल्याकडे गेले, तर तो पान चघळत म्हणाला, "सात-बारा साफ आहे ना जी? मंग?" त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

पार्वतीबाई रूळ ओलांडून शहराकडच्या नळावरून पाणी आणू लागल्या. तेवढं पिण्यापुरतं पुरे. आंघोळ आणि धुणं विहिरीचंच. दुसरीकडे भाड्याने राहायची ऐपत नव्हती. सुटायची वाट एकच होती, कोणाला न सांगता घर विकणं.

मौद्याचे आनंदराव बायकोला घेऊन घर बघायला आले. घर त्यांना आवडलं. पार्वतीबाईंनी नळाचं आहे म्हणत पाणी पुढं केलं, तसे ते हसले. "नळाचं काहून? घर घ्याचं, त्याच्याच विहिरीचं पाजा जी."

चंपतराव उठले, पाणी शेंदलं, तांब्या भरून आनंदरावांच्या हातात दिला. आनंदरावांनी तो तोंडाला लावला, तोच चंपतरावांनी हिसकावून अंगणात ओतला.

"नका पिऊ. माही पोर याच पान्यानं सडून राहिली."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. पार्वतीबाई आधी रडल्या, मग भडकल्या. "आता आपन कुठं जाचं? सांगा ना!" दुसऱ्या दिवशी चंपतरावांनी रस्त्याकडच्या भिंतीवर डांबराने लिहिलं: "या विहिरीचं पाणी पिऊ नका. खाली कारखान्याची घाण आहे."

लेआउट खवळलं. गुपचूप विकून निघायचं प्रत्येकाच्याच मनात होतं. आमच्या घरातूनही शिव्या गेल्या. कोपऱ्यावरचा चंद्रभान तर दारात येऊन ओरडला, "तुमचं नाही खपलं तं आमचं काहून बुडवता?"

"माही भिंत हाये गा," चंपतराव एवढंच म्हणाले.

कोणीतरी त्या अक्षरांवर शेण फासलं. चंपतराव पुन्हा लिहायला उभे राहिले. या खेपेला डांबराचा डबा पार्वतीबाईंनी धरला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या म्हणत होत्या, "मोठं काढा जी. रस्त्यावरून दिसलं पायजे."

त्यानंतर ते घर बघायला कोणी आलं नाही.