इथं खोकायचं असतं

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा वर्गात त्यांचाच आवाज चालू होता. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत खिचडीला फोडणी देत होते. काळे सर दारात येऊन उभे राहिले. हातात मोबाईल होता. मग म्हणाले, "मावशी, उज्ज्वला मॅडम गेल्या. सकाळीच... पुण्याला." आणि भिंतीपलीकडून मॅडम पोरांना सांगत होत्या, "शेळीने आत डोकावून पाहिलं..." मग त्या खोकल्या. मग म्हणाल्या, "आत कोणीच नव्हतं." टॅबमध्ये भरून ठेवलेली गोष्ट होती ती. जाऊन बंद करायला हवी होती, पण सर हलले नाहीत आणि मीही हलले नाही. गोष्ट संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. कढईतली मोहरी जळून गेली.

आमची शाळा जामखेडकडच्या माळावर, वस्तीला लागून आहे. चौथीपर्यंत वर्ग, मॅडम आणि काळे सर असे दोन शिक्षक, आणि खिचडी शिजवायला मी. उज्ज्वला मॅडम मूळच्या नगरच्या. वडीलही शिक्षकच होते. रोज जामखेडहून स्कूटीवर यायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी पिशवीतून दोन टॅब काढले, जुन्या ओढणीत गुंडाळून आणलेले. ते बघून वस्तीवरचे एक आजोबा शाळेत आले. म्हणाले, "बाई, पोरं घरी मोबाईलात तोंड घालून बसत्यात म्हणून शाळेत धाडतो आमी. आता तुमी बी त्येच दावनार व्हय?" मॅडम हसल्या. "आजोबा, बघायला नाही देणार. करायला देणार."

आणि खरंच पोरं करायला लागली. काचेवर बोटाने चित्र काढायची आणि त्या चित्राची गोष्ट सांगायची. मॅडम ती जशीच्या तशी लिहून घ्यायच्या, फक्त वाक्यं नीट करायच्या, आणि मग स्वतःच्या आवाजात वाचून भरायच्या. पुढे टॅब लावला की मॅडमचा आवाज जिथे असेल तो शब्द पिवळा व्हायचा. आपली गोष्ट ऐकायची म्हणून पोरं त्या पिवळ्या शब्दामागे बोट पळवायची आणि पळवता पळवता वाचायला शिकायची. तिसरीतली तनुजा दोन अक्षरंही जोडत नव्हती. ती घरच्यांबरोबर टेम्पोतून शनिशिंगणापूरला जाऊन आली होती आणि तिथल्या बिनदाराच्या घरांचं तिला फार नवल वाटलं होतं. तिची गोष्ट अशी होती, की एक शेळी शिंगणापूरला जाते. दारं नाहीतच, मग काय, घरोघरी शिरून भाकरी खाते. शेवटच्या घरात डोकावते तर तिथे कोणीच नसतं, भाकरीही नसते. मग शेळीला वाईट वाटतं आणि ती त्या घराच्या उंबऱ्यात राखण करत बसते. मॅडमना ही गोष्ट इतकी आवडली की दिवसभर त्या तनुजाला "शेळीवाल्या बाई" म्हणत होत्या.

शाळेत लाइट असायचीच असं नाही, म्हणून टॅब चार्जिंगला माझ्या घरी यायचे. संध्याकाळी भाकरी थापताना मी ते शेजारी लावून ठेवायचे. चौथीनंतर मला वाचायचं काही कारणच पडलं नव्हतं. त्या पिवळ्या शब्दांमागे माझीही नजर हळूहळू चालायला लागली. पण मला आधी कळला तो आवाज. पावसाळ्यात भरलेल्या गोष्टींत मॅडमचा आवाज पाण्यासारखा मोकळा होता. गणपतीनंतर वाक्याच्या आधी घसा खाकरल्याचा आवाज यायला लागला, आणि पुढे पुढे मधेच खोकला.

विचारलं तर म्हणायच्या, "खडूची धूळ हो मावशी." फळ्याला तर कित्येक दिवसांत खडू लागला नव्हता. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "मग तुमच्या चुलीचा धूर!" आणि टाळी द्यायला हात पुढे केला. गॅस संपला की मी चूल पेटवायची, ते खरं. त्या दिवसापासून चूल पेटवताना मी वर्गाकडची खिडकी लावून घ्यायला लागले. खोकला काही थांबला नाही.

मी म्हटलं, "मॅडम, नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा की."

"दाखवते ना. इथल्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. एवढी सगळ्या पोरांची पुस्तकं होऊ देत, मग जाते. कोणाचं राहिलं तर ते पोर वर्षभर तोंड फुगवून बसेल."

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी स्वयंपाकखोलीच्या पायरीवर बसून शेळीची गोष्ट मोठ्याने वाचत होते. आवाज बंद ठेवला होता, मला जमतं का ते बघायचं होतं. तनुजा ताट घेऊन शेजारी येऊन बसली. मी वाचलं, "शेळीने आत डोकावून पाहिलं, आत कोणीच नव्हतं." तिने माझा हात धरला.

"मावशी, चुकलं तुमचं!"

"काय चुकलं गं?"

"इथं खोकायचं असतंय." आणि तिने खोकून दाखवलं. आधी आत ओढलेला दम, मग दोन ठसके, आणि शेवटी बारीक शिट्टीसारखा आवाज. हुबेहूब. तिला ती थट्टा वाटत नव्हती. गोष्टीत जसे शब्द, तसाच खोकला, असंच ती शिकली होती. मी तिला म्हटलं, "आता खा गुमान," आणि टॅब पदराखाली घेतला.

हे मॅडमना कसं सांगावं, मला कळेना. सांगायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब शाळा बघायला आले. मॅडमनी हौसेने पोरांना उभं केलं. टॅबचा आवाज बंद ठेवला, नुसती अक्षरं समोर, आणि सगळ्यांनी एका सुरात शेळीची गोष्ट म्हटली. "शेळीने आत डोकावून पाहिलं" म्हटलं, आणि सगळा वर्ग एकदम खोकला. पुढे म्हणाले, "आत कोणीच नव्हतं."

साहेब पोट धरून हसले. "काय मॅडम, साथ आली की काय शाळेत?" काळे सरही हसले. मॅडमही हसल्या. पण हसता हसता त्यांनी तनुजाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू एकटी म्हण बरं." ती म्हणाली. दम, दोन ठसके, शिट्टी. मी दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होते. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे हसत नव्हते.

साहेब गेल्यावर त्या स्वयंपाकखोलीत आल्या आणि तांदळाच्या पोत्यावर बसल्या. "मावशी, मी अशी खोकते?"

"व्हय, मॅडम."

"कधीपासून?"

मी टॅब त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला आणि पहिल्यापासून एकेक गोष्ट लावली. विहिरीतल्या कासवाची. उडणाऱ्या ट्रॅक्टरची. थोडी ऐकायच्या, पुढची लावायच्या. आम्ही दोघी ऐकत होतो. एका गोष्टीत घसा खाकरला. पुढच्या दोन गोष्टी स्वच्छ. मग पुन्हा. मग शेळी... भांड्यातली खिचडी थंड होऊन घट्ट झाली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "स्वतःचा आवाज आपण कधी ऐकतच नाही बघा. मी फक्त पोरांचे शब्द तपासत होते."

दुसऱ्या दिवशी त्या नगरला गेल्या, तिथून पुण्याला. फुफ्फुसात गाठ होती आणि पसरली होती. सरांनी मला सांगितलं तेव्हा पोरं पटांगणात होती, आणि कोणीतरी खेळता खेळता खोकलं. आम्ही दोघांनीही मान वळवून बघितलं.

पुण्याहून एकच गोष्ट आली, सरांच्या मोबाईलवर. एकट्या तनुजाच्या धाकट्या भावाचं पुस्तक राहिलं होतं, ते मॅडमनी पुरं केलं होतं. सर खुश झाले. "बघा मावशी, खोकला पार गेला! आवाज सुधारला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही पहिल्यांदा तसंच धरलं. संध्याकाळी घरी पुन्हा ऐकलं, आणि भाकरी थापता थापता हात थांबला. खोकला नव्हता, आणि श्वासही नव्हता. दोन दोन शब्द बोलून त्यांनी ते जोडले होते आणि मधलं सगळं कापून टाकलं होतं. एका शब्दाला दुसरा चिकटलेला. दुसऱ्या दिवशी पोरं ती गोष्ट वाचायला लागली ती तशीच, कुठे न थांबता. अर्ध्यात येईपर्यंत दम संपून त्यांचे चेहरे लाल व्हायचे. मी बाहेर येऊन उभी राहायचे. पुण्याहून आता काय ऐकायला मिळणार, हे मला कळून चुकलं होतं.

आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले. परवा काळे सर टॅब घेऊन बसले होते. चांगल्या मनाने म्हणाले, "मावशी, गोष्टींमधले हे खोकले काढून टाकतो. पोरांना वाईट सवय लागलीय. अॅपमध्ये कापता येतं, मॅडमनीच शिकवलंय मला."

सरांसमोर मी आजवर मीठ-मिरचीशिवाय काही बोलले नव्हते. मी म्हटलं, "सर, ती पुण्याची गोष्ट लावा."

त्यांनी लावली. शेवटपर्यंत ऐकली. मग मी म्हटलं, "आता शेळीची लावा." ती लागली. "शेळीने आत डोकावून पाहिलं..." मॅडमनी दम आत ओढला, खोकल्या, पुन्हा दम घेतला. सरांनी हळूच टॅब खाली ठेवला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

टॅब अजून माझ्याकडेच येतात. पहिलीत नवी पोरं आली आहेत, त्यांनी मॅडमना पाहिलेलंही नाही. काल जेवणाच्या सुट्टीत त्यातली एक चिमुरडी पायरीवर माझ्या शेजारी बसली आणि टॅबचा आवाज बंद करून, एकेका शब्दावर बोट ठेवत शेळी डोकावते तिथपर्यंत आली. पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. माझा वाढायचा डाव भांड्यातच थांबला. ती थांबली, छोटासा दम घेतला, खोकली, आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर हाय का, मावशी?"

"बरोबर हाय," मी म्हटलं. "आता पुढं वाच."

"आत कोणीच नव्हतं. मग शेळी उंबऱ्यात... राखण करत बसली."