कप्तानांची न हरलेली लढाई

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या सुप्यात बसून आरमारी लढायांचा इतिहास लिहिणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. जपानच्या नौदलातून निवृत्त होऊन ते इथल्या एका कारखान्यात सल्लागार म्हणून आले आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. मराठी माझ्या वडिलांकडून, आबांकडून शिकले, त्यामुळे बोलायचे अस्सल गावचं.

आठवडाभर लिहिलेलं ते रविवारी आबांना मराठीत सांगत. त्यांच्या वहीत महायुद्धातली एकही लढाई जपान हरला नव्हता. कुठे धुकं आडवं आलं, कुठे तेल संपलं, कुठे हुकूम उशिरा पोचला. "आमी हरलो न्हाई आबा, येळ चुकली," म्हणायचे. आबांना ते तंतोतंत पटायचं. ते स्वतः ग्रामपंचायतीला तीनदा पडले होते आणि तिन्ही वेळा त्यांचे मतदार म्हणे लग्नाला गेले होते.

शेवटच्या प्रकरणावर मात्र कप्तान अडले. त्यात धुक्यामुळे शत्रूची विमानं दिसत नाहीत आणि एक जहाज बुडतं. दर रविवारी तेच पान. शेवटी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "धुक्यात तुमाला दिसलं न्हाई, मंग त्यांना बरं दिसलं!"

कप्तानांनी चहाचा कप खाली ठेवला. "धुकं न्हवतं, वयनी. पहाऱ्यावर माजं वडील हुतं. दुश्मनाची इमानं आपलीच समजून गप ऱ्हायले. लई पोरं बुडाली, ते वाचले. मरताना मला सांगितलं."

"मंग तसंच लिवा," आई म्हणाली.

आबा कासावीस झाले. "आवो, बापाचं नाव जाईल! धुकंच ऱ्हाऊ द्या."

कप्तानांनी खरं ते लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मायदेशी गेल्यावर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या मंडळाने, म्हणजे पुस्तक छापणाऱ्यांनीच, ते पान काढायला सांगितलं. त्यांनी काढलं नाही. पुस्तक छापायचं राहिलं, सहकाऱ्यांनी बोलणंही टाकलं. एवढ्या लढाया जिंकून दिल्या, त्याबद्दल कुणी साधे आभार मानले नाहीत.

गेल्या वर्षी कप्तान वारले. त्यांच्या मुलीने हस्तलिखिताची प्रत आमच्याकडे पाठवली, तशी त्यांची इच्छा होती म्हणून. मी रडलो. जपानी आमच्यात कुणालाच येत नाही. शेवटच्या पानावर काही अक्षरांखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि शेजारी मराठीत लिहिलंय, 'आबांसाठी'.

आबा आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवतात. "ह्ये कप्तानांच्या वडलांचं नाव," ते रेघेवर बोट ठेवून सांगतात. "चुकलं हुतं त्यांचं. पन पोरानं लपवलं न्हाई."