तहाच्या चित्रातला हात

मी लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण हे माझ्या घरात, भरदुपारी घडलं...

बाबा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक चित्र आणलं होतं — काळ्या शाईतलं, परदेशी धाटणीचं. प्राचीन काळातली तहाची बोलणी. तंबूत समोरासमोर बसलेले दोन म्हातारे सेनापती, मागे भाले टेकवून शिपाई. डावीकडच्याने हात पुढे केलेला. हॉलमध्ये सोफ्याच्या वर ते लावलेलं असायचं.

काका निलंग्याकडे आमच्या गावी राहायचे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले होते. संध्याकाळी परत निघाले, तर बाबांनी आग्रहाने ठेवून घेतलं. त्याच रात्री गावातलं घर पडलं. काकू आणि त्यांची छोटी सोनू त्यात गेल्या. तेव्हापासून काका बाबांशी बोलले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी — वरच्या खोल्या आम्ही क्लासच्या मुलांना भाड्याने द्यायला लागलो होतो तेव्हा — मामा मध्ये पडले आणि काकांना घेऊन आले. काका सोफ्यावर बसले, बाबा समोर खुर्चीत. मी चहा घेऊन आले तेव्हा काका बोलत होते.

"दादा, तू थांबवलं नसतंस तर मीबी गेलो असतो. कळतंय मला. पण लई जड गेलं रे."

आणि त्यांनी हात पुढे केला.

बाबा हललेच नाहीत. काकांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिले. मी हाक मारली, "बाबा..." काकांनी हात तसाच धरून ठेवला, मग हळूच मागे घेतला.

"बरं. येतो मी."

मामा मागे धावले. काका थांबले नाहीत.

"काय केलंत हे?" आईने विचारलं.

"त्याचा हात दिसलाच न्हाई गं मला," बाबा म्हणाले. "चित्रातला म्हातारा हात मागं घेत होता... तिकडंच बघत बसलो."

मी वर पाहिलं. डावीकडच्या सेनापतीचा हात त्याच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी बाबा गावी गेले. काकांनी दार उघडलं नाही. बाबांनी दाराबाहेरूनच सगळं सांगितलं. आतून एवढंच आलं, "चित्राचं काय सांगतोस दादा... जा तू." त्याच हिवाळ्यात काका गेले.

काका येऊन गेले त्याच्या आधीच्या, माझ्या साखरपुड्याच्या फोटोत ते चित्र मागे दिसतं. त्यात हात पुढेच आहे. क्लासमधले फिजिक्सचे सर म्हणाले, चित्र बदललं असेल कुणीतरी. पण फ्रेममागचा कागद बाबांनी स्वतः चिकटवलेला, अजून तसाच आहे.

मला काही सांगता येत नाही. बाबा आता थकलेत. रोज सकाळी चष्मा लावून चित्रापुढे उभे राहतात आणि त्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहतात.